तुळशीच्या कुंडींतील वाळा

गेल्या श्रावणांत आर्वीच्या घरीं तुळशीची माती बदलतांना एक काळसर, चकाकणारें गांडूळ निघालें. त्यानें जीभ बाहेर काढली तेव्हां तो वाळा असल्याचें कळलें. जन्मभर मुलांना भूतदया शिकविली, पण हात वहाणेकडेच गेला. "आजोबा, तो चावत नाहीं!" असें नात ओरडली, तोंवर उशीर झाला होता.

वस्तुतः हा निर्विष साप वीतभरहि नसतो नि मुंग्या-वाळवीच्या अंड्यांवर व अळ्यांवर जगतो. १८०३ सालीं दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें त्याला 'ब्रामिनस' हें नांव दिलें. म्हणजे आमचें गणगोतच म्हणावयाचें! या जातींत सर्व माद्याच. त्या नरावांचून अंडीं घालतात. म्हणूनच रोपाच्या मातींतून एकटी मादी परमुलखांत पोंचली तरी तिचा वंश तेथें रुजतो. अशाच कुंड्यांतून ती हवाई बेटें व फ्लोरिडापर्यंत जाऊन स्थायिक झाली. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जहाजी सामानांतून शिरलेल्या तपकिरी वृक्षसर्पानें तेथील रानपांखरें जवळजवळ संपविलीं. या बापडीवर तसला आरोप नाहीं.

नातीनें तिला तुळशीपाशींच पुरलें. संध्याकाळपर्यंत पोर माझ्याशीं बोलली नाहीं.