मोहाचें तेल आणि कातडीची भिंत

आमच्या घरीं डहाणूस तलासरीकडील पाड्यांवरून मोहाच्या बियांचें तेल येतें. बिया वेंचून, फोडून, वाळवून तें काढण्याचे कष्ट वारली बायांचे. भाव मात्र दुसराच कोणी ठरवितो. थंडींत तें तुपासारखें थिजतें. वाटी ऊन पाण्यांत ठेवून तें पातळ करावें आणि मातोश्रींच्या गुडघ्यांस चोळावें, हा आमच्याकडील जुना परिपाठ. पोटाच्या व्यथेमुळें वेदनाशामक गोळी त्यांस सोसत नाहीं. तेव्हां तीच गोळी कुटून तेलांत खलावी, अशी तोड धाकट्या सूनबाईंनीं सुचविली. घरांत दोन तट पडले, आणि आम्हांस या विषयाच्या खोलांत शिरावें लागलें.

कातडीचा अगदीं वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाहून क्वचितच जाड असतो. मृत पेशींच्या विटा आणि मध्यें स्निग्ध द्रव्यांचा चुना, अशी त्याची बांधणी. सुमारें ५०० डाल्टनांहून जड रेणू ही भिंत सहसा ओलांडीत नाहींत. बहुतेक वेदनाशामकें याहून हलकीं असतात. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. औषध तेलांत विरघळलें पाहिजे, आणि वेळ येतांच तेलानें तें सोडलेंही पाहिजे! मोहाच्या तेलांत ओलेइक आम्ल विपुल आहे. तें त्या चुन्याची घट्ट रचना विसकटतें. म्हणूनच वनस्पतिजन्य तेलांचे, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढे थेंब करून त्यांत औषध भरण्याचा उद्योग शास्त्रज्ञांनीं आरंभिला आहे.

कोणतें तेल कोणत्या औषधास मानवेल, हें दरवेळीं कातडीवर पारखीत बसल्यास आयुष्य पुरावयाचें नाहीं. यास्तव आधीं संगणकांत कातडी रचतात. पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमधील संशोधकांनीं कातडीच्या स्निग्ध थरांतून रेणू कसे पार होतात याचें असें गणित मांडून २०१६ सालीं प्रसिद्ध केलें. सेकंदाचे एकावर पंधरा शून्यें इतके भाग करावे, त्यांतील एकदोन भागांएवढें एकेक पाऊल टाकावें, आणि दर पावलास प्रत्येक अणूवरील ओढ नव्यानें मोजावी! अशीं कोट्यवधि पावलें चालूनही निमिषाचा अल्प अंशच हातीं येतो. रेणू कोठें अडखळतो हें त्यावरून कळतें; मातोश्रींचा गुडघा केव्हां थांबेल हें कळत नाहीं.

सूनबाईंचा तर्क मुळांत खोटा नव्हता. वेदनाशामकाचीं मलमें औषधांच्या दुकानांत मिळतातच. परंतु कुटलेल्या गोळींतील पिठूळ भाग कातडीवरच राहतो, आणि आंत किती गेलें याचें माप कोणाजवळ नसतें. म्हणून तो बेत आम्हीं मोडला आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें मलम आणलें. त्याच ओघांत नातवाच्या तेलांत कापूर घालण्यासही बंदी केली. तान्ह्याच्या कोंवळ्या कातडींतून कापूर आंत जाऊन आंचके आल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. मातोश्रींस गोळीचा निर्णय पटला. कापराचा नाहीं. "तुम्हां सगळ्यांना मींच कापूर घालून चोळलें ना?" असें त्या विचारतात, आणि सध्यां बाळाची तेलाची वाटी सूनबाईंच्या कपाटांत असते.