दोन फेरे हाताने

गाडी धडधाकट चालत असताना तिचं इंजिन उघडायचं कशाला, हेच मला आधी पटेना. सासऱ्यांची जुनी डिझेल इंडिका आता माझ्याकडे आली आहे. १९९८ च्या डिसेंबरात टाटांनी बाजारात आणलेली, पिंपरी-चिंचवडला घडलेली ही गाडी; आमची बरीच नंतरची, आणि फारशी न पळालेली. बिबवेवाडीत एका चढाजवळच्या गॅरेजात नेली, तर मिस्त्रींचा पहिला प्रश्न : "ताई, टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "मग बदलूनच टाकू. रबर आहे, गाडी उभी राहिली तरी त्याचं वय होतंच."

हा पट्टा नेमकं काय करतो, ते मला कळायलाच हवं होतं. मी स्टूल ओढून तिथेच बसले.

खाली क्रँकशाफ्ट, त्याला पिस्टन फिरवतात. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो. दोघांना बांधून ठेवतो तो हा दातेरी पट्टा, आणि आमच्या गाडीत डिझेल पंपही त्याच्याच जिवावर फिरतो. हवा आत घ्यायची, दाबायची, डिझेल पेटून ताकद मिळायची, धूर बाहेर टाकायचा : एवढ्यात क्रँकचे दोन फेरे होतात, पण प्रत्येक व्हॉल्व्ह उघडायचा एकदाच. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा दुप्पट दाते. मी मनातल्या मनात हिशेब केला. क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. हे सगळं एका रबरी पट्ट्यावर!

"आणि तुटला तर?"

मिस्त्रींनी खोक्यातून एक जुना व्हॉल्व्ह काढून फरशीवर घरंगळवला. त्याची दांडी डोळ्यांना सरळच दिसत होती, पण घरंगळताना तो लंगडत गेला. डिझेल इंजिनात हवा वीस पटीच्या आसपास दाबायची असते, त्यामुळे वर आलेल्या पिस्टनच्या डोक्यावर जागा जवळजवळ उरतच नाही. पट्टा तुटला की कॅम असेल तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच लटकतात आणि वेगात असलेले पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतात. मग हेड उतरवण्यावाचून सुटका नाही. साध्या पट्ट्याच्या मानाने तो खर्च कितीतरी मोठा.

कामाला सुरुवात झाली. बॅटरीची तार सोडली, पुढचं एक चाक उतरवलं, इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला, बाजूचं माउंटिंग काढलं. अल्टरनेटरचा बेल्ट, क्रँकची बाहेरची पुली, मग प्लॅस्टिकची कव्हरं. आतला पट्टा मला ठणठणीत वाटला. मिस्त्रींनी इंजिन हाताने फिरवून सगळ्या पुल्यांच्या खुणा जागेवर आणल्या, खात्रीसाठी त्यांवर पांढऱ्या रंगाचे टिपके दिले, टेन्शनर सैल केला आणि पट्टा काढून माझ्या हातात दिला. "उलटा वाकवून बघा." वाकवला, तर दात्यांच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. मी घाईने नवा पट्टाही तसाच वाकवायला गेले, तेव्हा त्यांनी थांबवलं : "त्याला मुडपायचं नाही. आतले धागे तुटतात, वरून कळतही नाही."

टेन्शनरही नवा घातला. पट्टा चढवताना त्यांनी एका बाजूला जराही झोल राहू दिला नाही. सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला घेतली आणि मग ताण दिला. फार सैल असेल तर दाता उडी मारतो, फार घट्ट असेल तर बेअरिंगं खातो.

आता चावी फिरवतील, असं मला वाटलं. त्यांनी क्रँकच्या बोल्टला पाना लावला आणि सावकाश एक पूर्ण फेरा दिला. क्रँकची खूण जागेवर आली, पण कॅमची खूण थेट उलट्या बाजूला! माझ्या पोटात गोळा आला. ते शांतपणे म्हणाले, "अजून एक." दुसऱ्या फेऱ्याला सगळ्या खुणा बरोबर समोरासमोर आल्या. दुप्पट दात्यांचा हिशेब मला तेव्हा खरा कळला : क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक. हाताने फिरवण्याचं कारणही तेव्हाच उमगलं. टायमिंग चुकलं असेल, तर पिस्टन व्हॉल्व्हला टेकतो आणि पाना अडतो. तिथेच थांबता येतं. स्टार्टरला ते कळत नाही, तो ढकलत राहतो. ही दोन मिनिटं न वाचवणारा मिस्त्री मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

चावी फिरवल्यावर इंजिन नेहमीसारखंच धडधडलं, कानाला काहीच फरक नाही. कव्हरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून घेतले.

आमच्या सोसायटीत आणखी एक डिझेल इंडिका आहे. संध्याकाळी त्या काकांकडे जाऊन पट्ट्याची तारीख विचारली. त्यांनाही ती सांगता येईना, तेव्हा मिस्त्रींचा नंबर देऊन आले.