हरभऱ्याची साल कुठे जाते?

बीड ते लातूर हा रस्ता जानेवारीत पाहावा. मांजरसुंबा आणि नेकनूर मागे पडले की केजपासून पुढे दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. एका वावरात कणसावर आलेली ज्वारी, तर शेजारच्या वावरात गुडघ्यालाही न लागणारा हिरवागार हरभरा. या दिवसांत विहिरी खाली जाऊ लागलेल्या असतात, पण हरभऱ्याची फारशी तक्रार नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेले हे पीक पावसाने जमिनीत मुरवून ठेवलेल्या ओलीवर वाढते. त्याचे मूळ खोल जाते आणि थंडीतले दवही त्याला मानवते. पाण्यासाठी हाल सोसणाऱ्या मराठवाड्याला असे पीक म्हणजे अल्लाहची मोठी देणगीच.

शाळेच्या कामासाठी मला दोन दिवस लातूरला जायचे होते. रेणापूरच्या अलीकडे माझ्या खालूंची थोडी शेती आहे. त्यांनी आग्रहाने आधी तिथे उतरवून घेतले. बांधावर पोहोचताच म्हणाले, "चपला काढू नको बेटा, पाय चरचरतील." हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्यातून आंबट रस पाझरतो. पूर्वी पहाटे पिकावर धुतलेले पातळ फडके पसरत. दवाबरोबर ही आंब फडक्यात उतरे. ती पिळून बाटलीत भरून ठेवत आणि पोट दुखले की पाण्यातून थोडी थोडी देत. हरभऱ्याचे पोटाशी असलेले नाते असे जुने आहे.

पीक महिन्याभराचे झाले की शेंडे खुडतात. त्याने झाडाला फांद्या फुटतात आणि घरात लसूण घालून कोवळ्या पाल्याची भाजी होते. पुढे घाटे भरले की डहाळे उपटून काट्याकुट्यांच्या जाळावर भाजायचे. कुणी त्याला हावळा म्हणते, कुणी हुळा. हात काळे होतात, ओठ काळे होतात आणि पोट कधी भरले ते कळत नाही. शेतातला हरभरा आपण असा अख्खा खातो. तो घरी येईपर्यंत त्याचे काय होते, ते मला दुसऱ्या दिवशी पाहायला मिळाले.

लातूरची गंजगोलाई बहुतेकांना माहीत असते. 16 रस्ते एका गोलाला येऊन मिळतात. सोने, कापड, मसाले, भाजी, जे हवे ते तिथे सापडते. निजामाच्या काळापासून या गावाची बाजारपेठ म्हणून ख्याती आहे आणि आज तूर-हरभऱ्याच्या डाळीसाठी लातूरचे नाव देशभर घेतले जाते. खालूंचा पुतण्या एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो. दुपारी माझे काम संपल्यावर त्याने मिल दाखवायला नेले.

आत शिरताच आवाजाने कान बसले. अंगावर, पापण्यांवर पिवळसर पूड बसू लागली. आधी चाळण्यांवर हरभरा निवडला जातो, खडे-माती बाजूला होते. मग खरखरीत रुळांमधून जाताना दाण्याच्या सालीवर चरे पडतात. त्यावर पाणी मारून ढीग रात्रभर मुरत ठेवायचा आणि नंतर पसरून उन्हात वाळवायचा. एवढे झाले की साल सैल सुटते. शेवटी जात्यात दाणा दुभंगतो, पंख्याचा वारा साल उडवून एकीकडे नेतो आणि दुसरीकडून पिवळीधमक डाळ पडते. 100 किलो हरभऱ्यातून साधारण 75 किलो डाळ हाती येते. उरलेली साल, कणी आणि भुकटी म्हणजे चुनी.

चुनीची पोती एका भिंतीला छतापर्यंत रचलेली होती. मी विचारले, "हे कुठे जाते?" तिथला हमाल हसून म्हणाला, "डाळ माणसाला अन् चुनी म्हशीला, बाई." बाहेर पशुखाद्यवाल्याचा टेम्पो भरणे चालूच होते.

हमालाने गमतीने सांगितलेली गोष्ट आकड्यांत मांडली तर हसू मावळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत 100 ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात सुमारे 25 ग्रॅम तंतू, म्हणजे चोथा, दिला आहे. तेवढ्याच हरभरा डाळीत तो सुमारे 15 ग्रॅम आहे. साल गेली आणि 10 ग्रॅम चोथा तिच्याबरोबर गेला. ज्वारी आणि बाजरीत तो 10 ते 11 ग्रॅम असतो, तर मैद्यात आणि पॉलिश केलेल्या तांदळात 3 ग्रॅमसुद्धा नाही. मोठ्या माणसाच्या पोटात रोज निदान 25 ग्रॅम तंतू जावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 50 ग्रॅम कोरडे हरभरे भिजवून शिजवले, तर त्यातले जवळजवळ निम्मे एका वाटीत मिळतात.

हा चोथा आपल्याला पचत नाही आणि त्याचा उपयोगही त्यातच आहे. काही तंतू पाणी धरून ठेवतात. त्यामुळे मळ मऊ राहतो, त्याला आकारमान येते आणि आतडे त्याला सहज पुढे ढकलते. काही तंतू मोठ्या आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचे अन्न होतात. ते जिवाणू त्यापासून जी आम्ले बनवतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. चोथा कमी पडला की मळ घट्ट होतो, कुंथावे लागते, आणि वर्षानुवर्षे कुंथण्यातून मूळव्याध, फिशर यांसारखी दुखणी मागे लागतात. तंतुमय अन्न भरपूर खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण कमी असल्याचेही मोठमोठ्या पाहण्यांत दिसून आले आहे.

मिलमधून मी खालांच्या घरी गेले. ही गोष्ट लिहायची परवानगी त्यांनीच दिली. "लिख दे, किसी के काम आएगी," म्हणाल्या.

मागच्या वर्षी खालांना शौचाला रक्त जात होते. एक-दोन दिवस नाही, तर पाच महिने. कुणाला सांगितले नाही. "गर्मी हुई होगी" म्हणत सब्जा पीत राहिल्या, रात्री चूर्ण घेत राहिल्या. चेहरा पांढरा पडू लागला तेव्हा सुनेच्या लक्षात आले आणि तिने हात धरून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी दुर्बिणीने आतड्याची तपासणी केली. एक तुकडाही तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंतचे दिवस त्या घराने कसे काढले ते मी पाहिले आहे. खालू मशिदीतून लवकर घरी येत नसत आणि खाला जेवायला बसून नुसता घास चिवडत. निकाल आला. दुखणे मूळव्याधीचे होते, कर्करोग नव्हता. अल्हम्दुलिल्लाह.

मी त्यांना विचारले होते, इतके दिवस का बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, "ये भी कोई बोलने की बात है क्या गे?"

आपल्या घराघरांतल्या बायकांचे हेच उत्तर आहे. घरात शौचालय नव्हते तेव्हा आमच्या आई-मावश्या अंधार पडेपर्यंत धरून ठेवत, पाणी कमी पीत. शौचालये आली, पण ती सवय गेली नाही. लग्नात-प्रवासात पाणी प्यायचे नाही, शाळेत जायचे नाही, आणि त्रास झाला तर सांगायचे नाही. डॉक्टरांनी खालांच्या सुनेला सांगितलेले मी इथे मुद्दाम लिहिते: रक्त दिसले की ती मूळव्याधच असेल, असे घरी ठरवू नका. शौचाची सवय अचानक बदलली, वजन उतरू लागले किंवा अशक्तपणा आला, तर चूर्णात दिवस घालवू नका. हरभरा रोज खाणाऱ्यालाही हे लागू आहे. खाणे ही काळजी झाली, ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

औषधांबरोबर डॉक्टरांनी खालांना इसबगोल सुरू केले आणि जेवण बदलायला सांगितले. इसबगोल उत्तम आहे, डॉक्टर सांगतील तेव्हा जरूर घ्यावे. पण ते पाकीट हातात घेतल्यावर माझ्या मनात आले की इसबगोल म्हणजेही एका बीची सालच! एका दाण्याची साल म्हशीला घालायची आणि दुसऱ्याची पाकिटातून विकत आणायची, असा आपला संसार चालला आहे.

आपल्या दस्तरखानावर हरभरा नाही असे कुणी म्हणणार नाही. शामी कबाबात तो आहे, दालचात आहे, रमजानच्या भज्यांत आहे. पण कबाबात आणि दालचात जाते ती डाळ, आणि भज्यांचे बेसन त्याच डाळीचे. साल मिलमध्येच राहिलेली असते. सोबत नान किंवा पाव मैद्याचा आणि भात पांढरा. पोटाने तक्रार केली तर त्याचे काय चुकले?

खालांनी फार मोठा बदल केला नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा काळे हरभरे रात्री भिजत घालतात. सकाळी ते पाणी ओतून देतात, कारण वायू धरणारी काही द्रव्ये त्यात उतरतात. मग नव्या पाण्यात मऊ शिजवून कधी कांदा-लिंबू घालून, कधी गोश्तच्या रश्श्यात. काबुलीपेक्षा देशी काळा हरभरा बरा, कारण त्याची साल जाड असते. एका वेळी ज्वारीची भाकरी असते. सुरुवात दोन चमच्यांपासून केली, नाहीतर पोट फुगून माणूस दुसऱ्या दिवशीच सोडून देतो. आणि पाणी वाढवले. चोथा वाढवून पाणी तेवढेच ठेवले तर उलट अडचण होते. रमजानमध्ये तर इफ्तार ते सहरी थोडे थोडे पाणी पिण्याकडे लक्ष हवेच. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा जुना आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

निघायच्या दिवशी खाला मला गंजगोलाईजवळच्या भट्टीवर घेऊन गेल्या. कढईत तापलेली वाळू, तिच्यात तडतडणारे हरभरे, आणि चाळणी हलवली की वाळू खाली, फुटाणे वर. भडभुंजाने सवयीने सोललेले पिवळे डाळे पुडीत भरायला घेतले. खालांनी हात आडवा केला.

"ये नको भाई, छिलकेवाले दे."

"छिलका दाँत में अटकता है, खाला."

"अटकने दे," खाला म्हणाल्या आणि पाव किलो फुटाण्यांची गरम पुडी माझ्या पर्समध्ये ठेवली.