येणार म्हणे!

'म्हणे' हा मराठीतला फार सभ्य शब्द आहे. वाक्याच्या शेवटी तो निमूटपणे येऊन उभा राहतो आणि सगळ्या वाक्याचे वजन बदलतो. 'तो परत आला' हे विधान झाले. 'तो परत आला म्हणे' ही ऐकीव गोष्ट झाली. बोलणारा खोटे बोलत नाही आणि खरेपणाची हमीही घेत नाही. आपण हे कुणाकडून तरी ऐकले आहे, एवढे तो प्रामाणिकपणे सांगून मोकळा होतो. मुळात हे 'म्हणणे' या धातूचे रूप, पण इथे त्याला कर्ताच उरलेला नाही. 'कोण म्हणे?' असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. तुर्की भाषेत ऐकीव माहितीसाठी क्रियापदाला वेगळा प्रत्यय लागतो. आपण तेच काम दोन अक्षरांवर भागवतो. या दोन अक्षरांच्या असण्या-नसण्याने काय होते, ते खानदेशाने फार जवळून पाहिले आहे. पण त्याकडे जरा वळणाने जावे लागेल.

व्याकरणाच्या तासाला 'म्हणे'ची उदाहरणे देताना मी पूर्वी पावसाची, लग्नाची आणि बदलीची वाक्ये घेत असे. गेली काही वर्षे ही उदाहरणे बाजारातून आयती मिळतात. विद्यापीठाच्या कामासाठी धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला जाणे होते. काम आटोपले की गोलाणी मार्केटमध्ये एक फेरी ठरलेली. मोबाइलची विक्री, दुरुस्ती, काचा, कव्हरे, जुन्या फोनांची देवघेव असा सगळा संसार तिथे दाटीवाटीने मांडलेला असतो. खरेदी करणाऱ्यांपेक्षा विचारपूस करणारे जास्त. एकदा एक मध्यमवयीन गृहस्थ हातातला फोन उलटसुलट करीत दुकानदाराला विचारत होते, "पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येणार म्हणे. मग याचा भाव पडेल ना? थांबू का?" दुकानदार हसून म्हणाला, "थांबा ना भो. पण ते आलं की त्याच्या पुढचं येणार म्हणतील. तेव्हा काय कराल?"

गृहस्थ थांबले की नाही, ते मी पाहिले नाही. मात्र थांबण्याची ही कला खानदेशाला नवी नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखात 'भाव' हा शब्द भविष्यकाळातच वापरला जातो. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून अनेकांनी कापूस घरातच साठवून ठेवला. माणसे उरलेल्या जागेत झोपली, भाव मात्र आला नाही. कापूस विकणारा भाव चढण्याची वाट पाहतो आणि फोन घेणारा भाव उतरण्याची. दिशा उलट, वाक्य एकच: 'भाव बदलणार म्हणे.' आपल्या हाती नसलेल्या गोष्टीविषयी बोलण्याची ही रीत आहे. कापसाचा भाव कुठे ठरतो आणि पुढचा फोन कुठे बेतला जातो, या दोन्ही जागा जळगावपासून सारख्याच दूर आहेत. तिथे आपले म्हणणे पोहोचत नाही, म्हणून इथे 'म्हणे' पिकते.

याला भोळेपणा म्हणून हसणाऱ्यांनी अ‍ॅडम ऑस्बोर्न या गृहस्थाची हकीकत आठवावी. त्याचे बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या आश्रमाच्या परिसरात गेले आणि २००३ साली तो कोडाईकनालला वारला. मधल्या काळात अमेरिकेत त्याने उचलून नेता येण्याजोगा संगणक बाजारात आणला. साल १९८१, किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो. तो उदंड खपला. मग १९८३ साली याहून सरस यंत्र येत असल्याचा गवगवा झाला आणि गिऱ्हाईक थांबले. हाती असलेला माल पडून राहिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळे जाहीर केले. दिवाळ्याची कारणे आणखीही होती, असे अभ्यासक सांगतात. पण पुढच्याच्या बातमीने आजचे मरण ओढवते, या घटनेला व्यापाराच्या भाषेत त्याचेच नाव चिकटले ते चिकटलेच. तेव्हा 'थांबू का?' हा प्रश्न अडाणी नाही. त्याने कंपन्या बुडाल्या आहेत.

गोलाणीतल्या त्या वाक्यात निदान 'म्हणे' शाबूत होते. आपल्या देशात या बाबतीत ज्या मोठ्या घोषणा झाल्या, त्यांनी आधी हा शब्द काढून टाकला. २००९च्या फेब्रुवारीत तिरुपतीला पाचशे रुपयांचा लॅपटॉप दाखवला जाणार, अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात निघाले ते माहिती साठवण्याचे एक उपकरण. त्याला पडदा नव्हता आणि कळफलकही नव्हता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' या स्वस्त टॅबलेटचे दिल्लीत उद्घाटन झाले. तो विद्यार्थ्यांसाठी होता, म्हणून आमच्यासारख्या शिक्षकांच्या खोलीत त्याची चर्चा अधिक. पहिल्या आकाशची गती आणि त्याचा जोर देऊन दाबावा लागणारा पडदा यांवर इतकी टीका झाली, की सुधारून येणाऱ्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहणे सुरू झाले. आणि फेब्रुवारी २०१६मध्ये 'फ्रीडम २५१' आला: दोनशे एक्कावन्न रुपयांत स्मार्टफोन. एवढ्या किमतीत असा फोन बनूच शकत नाही, असे त्या धंद्यातली माणसे सांगत होती. तरी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले. त्या सकाळी माझ्या वर्गातली निम्मी मुले फोनवर वाकलेली होती. त्यांतल्या एकाला मी विचारले, "खरंच मिळेल असं वाटतं?" तो म्हणाला, "सर, पेपरात पूर्ण पानाची जाहिरात आहे."

हे उत्तर मला अजून महत्त्वाचे वाटते. छापून आले म्हणजे 'म्हणे' गळाले, अशी आपली समजूत आहे. बहिणाबाईंनी जळगावच्या छापखान्यावर कविता रचली आहे. छापल्याने कोरा कागद शहाणा होतो, माणूस मात्र होता तसाच राहतो, असा तिचा आशय. स्वतःला लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने ही मेख मारून ठेवली आहे. ती आम्ही परीक्षेपुरती शिकवतो. परवापरवापर्यंत हा भोळेपणा गरिबाचा आहे, असेही आम्ही समजत होतो. पण जून २०२४मध्ये अ‍ॅपलने आपल्या 'सिरी'चे बुद्धिमान रूप दाखवले, त्यावर भिस्त ठेवून कित्येकांनी महागडे नवे फोन घेतले आणि मार्च २०२५मध्ये कंपनीने ते लांबणीवर पडल्याचे सांगितले. म्हणजे लाखाचा फोन घेणाराही 'येणार'वरच पैसे मोजतो.

एक 'येणार' मात्र खरोखर आले. सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली, २०१७च्या जुलैत पंधराशे रुपयांच्या परताव्याच्या अनामतीवर जिओफोन जाहीर झाला आणि पाहता पाहता डेटा इतका स्वस्त झाला, की खेड्यापाड्यांतले फोन चलच्चित्रे दाखवू लागले. आपण ज्या सुधारणेची इतकी वर्षे वाट पाहत होतो, ती हीच. तिच्याबरोबर काय येईल, याची मात्र कुणी अफवाही उठवली नव्हती.

२०१८च्या उन्हाळ्यात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात, असे तिच्यात दिसे. ती मुळात कराचीच्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळवणे किती सोपे आहे पाहा, असा फलक दाखवतात. फिरणाऱ्या चित्रफितीतून हा शेवटच कापलेला होता. व्याकरणाच्या शिक्षकाला यात दिसते ते असे: वाक्य तसेच ठेवून 'म्हणे' तेवढे छाटले होते.

मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा संदेशांनी धुळे जिल्हाही भरून गेला होता. १ जुलै २०१८ हा रविवार होता. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. गावोगाव फिरून भिक्षा मागणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जमावाने त्यांना मुले पळवणारे ठरवले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारहाण करून त्यांचा जीव घेतला. मारहाणीचेही चित्रण झाले, तेही फिरले.

मी त्या वेळी धुळ्यातच होतो. त्या आठवड्यात जो तो फोनला दोष देत होता, पण एवढ्याने ही गोष्ट संपत नाही. परक्या, भटक्या माणसाविषयीचा संशय फोनच्या आधीपासून आपल्यात आहे. यंत्राने फक्त त्याचा वेग वाढवला. तरी भाषेच्या बाजूने एक प्रश्न उरतोच. हीच बातमी पूर्वी एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाई, तेव्हा ती कुणाच्या तरी तोंडून जाई. त्या तोंडाला नाव असे आणि वाक्याला 'म्हणे' असे. ऐकणाऱ्याला 'तुला कोण म्हणालं?' असे उलट विचारण्याची सोय असे. अफवा तेव्हाही होत्या आणि त्यांनी माणसे मेलीही असतील. पण शंकेचे दार किलकिले ठेवणारी ती दोन अक्षरे वाक्यातच होती. पुढे ढकललेल्या संदेशात ती नसतात. तो मूळ बोलणाऱ्याच्या ठाम सुरातच प्रत्येकाच्या हातात पडतो आणि पाठवणाऱ्याला काही बोलावेच लागत नाही.

यानंतर जे घडले, ते कोणत्याही नव्या फोनच्या चर्चेत मी ऐकले नाही. १० जुलै २०१८ रोजी व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवायला सुरुवात केली. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवण्यास अटकाव केला आणि जानेवारी २०१९मध्ये ही मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली. हे एकट्या राईनपाड्यामुळे झाले, असे म्हणता येणार नाही. त्या वर्षी आसामपासून कर्नाटकापर्यंत अशा हत्या झाल्या होत्या आणि खुणेची तयारी आधीपासून चालू असणार. पण सरकारने कंपनीला जाब विचारला, तो राईनपाड्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत. आज ब्राझीलमधला किंवा जर्मनीतला माणूस सहावे नाव निवडू पाहतो आणि फोन त्याला अडवतो. त्या अडवण्यात साक्री तालुक्यातल्या एका बाजाराच्या दिवसाचा अंश आहे, हे त्याला ठाऊक नसते. जगाच्या फोनात खानदेशाचा म्हणून जो काही वाटा आहे, तो हा. त्याची कुणी वाट पाहिली नव्हती, त्यासाठी कुणी रांग लावली नाही आणि त्याची किंमत पाच घरांनी मोजली.

'फॉरवर्डेड' ही खूण म्हणजे यंत्राने शिकलेले 'म्हणे' आहे, असे मी वर्गात सांगतो. पण दोहोंत फरक आहे, हेही सांगावे लागते. 'म्हणे' बोलणाऱ्याला स्वतः उच्चारावे लागते. उच्चारताना क्षणभर का होईना, हे आपण पाहिलेले नाही, याची त्याला जाणीव होते. खूण यंत्र चिकटवते. पाठवणाऱ्याच्या जिभेला काही कष्ट नाहीत. फिकट, बारीक अक्षरांतली ती चिठ्ठी संदेशाच्या डोक्यावर असते आणि आपण थेट खालच्या मजकुरावर उडी मारतो. पुढची आवृत्ती याहून चतुर असेल, खोटे आपोआप ओळखून दाखवील, असे आता ऐकू येते. असेलही. मात्र फोनने आपल्या वतीने शंका घ्यावी, ही अपेक्षा मला दोनशे एक्कावन्न रुपयांच्या फोनाहून मोठी वाटते.

म्हणून अलीकडे प्रथम वर्षाच्या वर्गाला मी एक साधा स्वाध्याय देतो. आपल्या फोनवर आलेला कोणताही पुढे ढकललेला संदेश वहीत उतरवायचा आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे 'म्हणे' लिहून तो मोठ्याने वाचायचा. येऊ घातलेल्या फोनांचे संदेश वाचले जातात तेव्हा वर्गात हशा पिकतो. 'एकदा चार्ज केला की आठवडाभर चालणार म्हणे', 'उन्हात ठेवला तरी चार्ज होणार म्हणे', 'विद्यार्थ्यांना सरकार फुकट देणार म्हणे'. कुणा जातीविषयी, कुणा वस्तीविषयी, गावात शिरलेल्या अनोळखी माणसांविषयीचे संदेशही येतात. ते वाचले जातात तेव्हा वर्ग हसत नाही.

गेल्या वर्षी साक्रीकडच्या एका मुलीने असाच एक संदेश शेवटपर्यंत वाचला. खाली बसण्याआधी ती म्हणाली, "सर, 'म्हणे' लावलं ना, की मग तो पुढे पाठवावासाच वाटत नाही."