माळ्यावरचे पुस्तक

दिवाळीच्या आधी माळा झाडणे हे आमच्या घरात माझे काम. बाकीची कामे मला धड जमत नाहीत अशी आमच्या सौभाग्यवतींची खात्री आहे; पण माझ्या उंचीचा काही तरी उपयोग व्हावा, म्हणून एवढे एक माझ्याकडे ठेवले आहे. गेल्या वर्षी पितळेच्या डब्यांमागून एक जाडजूड पुस्तक ओढताना स्टूल कलले आणि मी व पुस्तक असे दोघेही एकदमच खाली आलो. पुस्तकाला काही झाले नाही. माझा घोटा मात्र टम्म सुजला. आठ दिवस पाय जमिनीला लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

"बरं झालं," ही म्हणाली. "आता तरी ते वाचून होईल."

ते पुस्तक म्हणजे टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस', इंग्रजी भाषांतरातली. ते माझे नव्हे. १९७४ साली पुण्यात कॉलेजात असताना खोलीवरच्या सोबत्याने मला वाचायला दिलेले. परत करायचे राहिले.

ही कादंबरी अवघड म्हणतात ती काही भाषेसाठी नव्हे. पाने हजाराच्या वर, पात्रे पाचशेहून अधिक, आणि एकेकाला तीन-तीन नावे! पहिल्याच बैठकीत रशियन मंडळी आपापसांत फ्रेंच बोलत बसलेली. मी वैतागलो, तेव्हा सोबती म्हणाला होता, "अरे, यांची नावं आपल्यासारखीच. आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. त्यात काय घाबरायचं?" आणि पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्याने पेन्सिलीने वंशावळच काढून दिली. रोस्तोव्ह घराण्यापुढे लिहिले : 'खर्चिक, प्रेमळ. आजोळची माणसे.' बोल्कोन्स्कींपुढे : 'मानी. हसत नाहीत.' आणि खाली कोपऱ्यात, कुठल्याच रेघेने न जोडलेले एक नाव : 'प्लातोन. कुणाचाच कोणी नाही.'

"हा कोण?" मी विचारले.

"तिथपर्यंत ये, मग कळेल."

मी नव्वदाव्या पानापर्यंत गेलो. त्या उन्हाळ्यात तो मूत्रपिंडाच्या दुखण्याने वाईला घरी गेला, तो परत आलाच नाही. त्याची कार्डे येत. एकात लिहिले होते, 'नाताशाचं लग्न अखेर कुणाशी झालं, ते भेटायला येशील तेव्हा सांग.' मी ठरवले, पुस्तक पुरे करायचे आणि मगच जायचे. पुस्तक पुरे झाले नाही. मी गेलो नाही. दिवाळी झाली, आणि पौषात तो गेल्याचे कळले.

तर आता, पन्नास वर्षांनी, पाय उशीवर ठेवून मी नव्वदावे पान उघडले.

सोमवारी नुसती नावांशी झटापट. दर पाचव्या मिनिटाला वंशावळ पाहायची. मंगळवारी ऑस्टरलिट्झची लढाई आली. प्रिन्स आंद्रे जखमी होऊन उताणा पडतो, त्याला वर अफाट आकाश दिसते आणि समोर आलेला नेपोलियन अगदी किरकोळ वाटू लागतो. मीही उताणाच होतो. पण मला वर पंख्याची जळमटे दिसली. बुधवारी नाताशाचा पहिला नाच. त्या दिवशी हिला मी सांगितले की, टॉलस्टॉयच्या बायकोने या कादंबरीची हस्तलिखिते पुन्हापुन्हा स्वतः उतरून काढली. "आणि तुम्हांला नुसतं वाचवत नाही!" असे म्हणून ती चहा ठेवून गेली. गुरुवारी बोरोदिनो. आपण जत्रेला जावे तसा पिएर पांढरी टोपी घालून लढाई पाहायला जातो.

शुक्रवारी मॉस्को जळाले, फ्रेंचांनी पिएरला कैद केले, आणि कैद्यांच्या त्या अंधाऱ्या कोठडीत मला प्लातोन भेटला. साधा शेतकरी शिपाई. शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी पिएरला तो भाजलेला बटाटा मीठ लावून देतो. आपल्याजवळ आहे ते वाटून खाणारा, कुणाही जवळच्यावर सारखीच माया करणारा माणूस. कुणाचाच कोणी नाही, याचा अर्थ तेव्हा लागला.

शनिवारी ते पान आले. फ्रेंच सैन्य मागे फिरले आहे. जे कैदी चालू शकत नाहीत त्यांना वाटेत गोळी घालतात. प्लातोन तापाने खंगला आहे. तो एका झाडाला टेकून बसतो आणि पिएरकडे पाहतो. त्याला जवळ बोलवायचे आहे. पिएरला ते दिसते. पण दिसलेच नाही असे दाखवून तो पुढे चालू लागतो. मागे गोळीचा आवाज होतो. कुत्रे रडू लागते. पिएर मागे वळून पाहत नाही.

मी पुस्तक मिटले. वाई पुण्याहून एस.टी.ने तीन तासांवर होती. पुस्तक पुरे व्हायचे होते म्हणून मी गेलो नाही, असे पन्नास वर्षे मी स्वतःला सांगत आलो होतो. खरी गोष्ट एवढीच की, मला त्याच्याकडे पाहायचे नव्हते.

रात्री हे सारे हिला सांगितले. तिने समजूत घातली नाही. थोड्या वेळाने विचारले, "वाईला त्यांचं कुणी आहे का अजून?"

रविवारी शेवट. इतिहास मोठी माणसे घडवतात की काय, याच्या चर्चेची अखेरची पाने म्हणजे कोरडी भाकर; पण तीही चावून खाल्ली.

पाय बरा झाल्यावर, भाऊबिजेच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघे वाईला गेलो. त्याची धाकटी बहीण त्याच घरात राहते. मी पुस्तक तिच्या हातात दिले. तिने पहिले पान उघडले, त्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि वर पाहिले.

"वाचलंत?"

"वाचलं."

"मग सांगा, नाताशाचं लग्न कुणाशी झालं? मी दादाला रोज विचारायची. तो म्हणायचा, माझा मित्र येऊन सांगणार आहे."

"पिएरशी," मी म्हणालो.