घरची दुर्बीण

दुर्बीण हे मूळचे खलाशाचे आणि शिपायाचे साधन. पुढे ते शिकाऱ्याच्या हाती गेले, आणि आता आमच्यासारख्यांच्या घरातही येऊ लागले आहे. ज्या देशांत परवाना काढून शिकार करण्याची मुभा आहे, तेथील शिकारी 'स्पॉटिंग स्कोप' नावाची एका डोळ्याने पाहावयाची दुर्बीण बंदुकीइतक्याच काळजीने निवडतो. समोरच्या डोंगरावरचे जनावर नर की मादी, त्याची शिंगे पुरती वाढली आहेत की नाहीत, हे बसल्या जागी कळले म्हणजे निष्कारण चढ चढण्याचे श्रम वाचतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार लागले, ते उत्तमच झाले. तथापि शिकारी या यंत्राकडून जे मागतो, तेच नुसते पाहणाऱ्यालाही हवे असते; म्हणून निवडीची परीक्षा दोघांचीही एकच.

आमच्या घरी हा विषय निघाला तो मामंजींमुळे. त्यांनी नुकतीच नव्वदी गाठली. ते नऊ-दहा वर्षांचे असताना हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. येडशीच्या घाटाजवळ कोणा बड्या अधिकाऱ्याचा शिकारी तळ पडला होता, आणि संध्याकाळी एका बैलगाडीतून दोन चिंकारे नेताना मामंजींनी पाहिले. गाडी थांबली तेव्हा त्यांनी एकाच्या कानाला हात लावला. कान अजून ऊन होता. ही हकीकत माझ्या लग्नापासून मी कितीदा तरी ऐकली आहे. पण गेल्या वर्षी तिला एक नवे वाक्य जोडले गेले : "तेवढ्याच जवळून एकदा हिंडताफिरता पाहायचा राहिला." त्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसरा मंदावलेला. जे करावयाचे ते फार लांबणीवर टाकण्यात अर्थ नव्हता.

चिंकारा हा आपल्या बालाघाटाच्या माळांचा रहिवासी. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्रफळ जेमतेम २२ चौरस किलोमीटर. परंतु हा प्राणी विलक्षण सावध. माणसाची चाहूल लागली की काळी शेपटी हलवीत तो दूर निघून जातो. तेव्हा नव्वदीच्या माणसाला त्याच्याजवळ नेणे अशक्य. त्यालाच माणसाजवळ आणणे भाग होते.

येथून घरात वादाला तोंड फुटले. धाकट्या भावोजींनी "साठ पटींचीच घेऊ" असा हट्ट धरला. दुर्बिणीवर २०–६०×८० असे आकडे असतात. पैकी पहिले दोन ती वस्तू किती पटींनी जवळ आणते ते सांगतात आणि शेवटचा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. लोक पहिल्या आकड्यांवर भुलतात. माझ्या मते खरी किल्ली शेवटच्या आकड्यात आहे. व्यासाला पटींनी भागले की डोळ्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ८० ला २० ने भागले तर ४ मिलिमीटर; ६० ने भागले तर सव्वा मिलिमीटराहून किंचित अधिक. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटर उघडते, म्हाताऱ्याची बहुधा त्याच्या निम्मी. म्हणजे वीस पटींवर मामंजींच्या डोळ्याला जेवढा प्रकाश घेता येईल तेवढा पुरेपूर मिळतो, आणि साठ पटींवर चिंकारा मोठा झाला तरी काळवंडतो. जनावरे चरावयास निघतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. ऐन त्याच वेळी हा काळोख पदरी यावयाचा.

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. सकाळी नऊनंतर माळावरची हवा तापून लहरू लागते, आणि तीस-चाळीस पटींपुढे समोरचे सारे पाण्यात बुडाल्यासारखे डुलते. उत्तमातले उत्तम भिंगही त्यावर इलाज करू शकत नाही. शिवाय पटी वाढल्या की दृश्याचा आवाका आकसतो. वीस पटींवर एक किलोमीटर अंतरावरचा सुमारे ३५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. साठवर त्याच्या जवळजवळ निम्मा. एवढ्याशा खिडकीत पळते जनावर शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. म्हणून आधी ८×४२ च्या साध्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीने प्राणी हेरावा आणि मग मोठी त्यावर रोखावी. शिकारीही तसेच करतात.

मामंजींचा चष्मा हा तिसरा प्रश्न. काही दुर्बिणींत डोळा भिंगाला जवळजवळ टेकवावा लागतो. चष्मेवाल्याला मग मधोमध एक लहानसे वर्तुळ तेवढे दिसते. डोळा १५ ते १८ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसावे, असे डोळ्याकडचे भिंग मागून घ्यावे. दुकानदार आपण होऊन ते क्वचितच सांगतो.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबालाच सुचावी अशी आहे. काही दुर्बिणींत डोळ्याकडचा भाग सरळ असतो, काहींत पंचेचाळीस अंशांत वर वळलेला. सरळ दुर्बीण रोखावयास सोपी, यात शंका नाही. परंतु तिची उंची पाहणाऱ्याच्या डोळ्याला जुळवावी लागते. आमच्या घरी सहा फुटी भावोजी आहेत आणि सात वर्षांची नात आहे. प्रत्येकासाठी तिवई वरखाली करीत बसलो तर जनावर काही आपली पंगत उठेपर्यंत थांबत नाही. वळलेल्या दुर्बिणीत तिवई बुटकी ठेवली की मोठ्यांनी जरा वाकावे, लहानांनी टाचा उंचावाव्यात, आणि मामंजींनी खुर्चीत बसून पाहावे. आम्ही वळलेलीच घेतली.

पुण्याच्या दुकानात आम्ही मुद्दाम दिवस कलताना गेलो. रस्त्यापलीकडच्या झाडाची काळी फांदी उजळ आभाळावर धरून पाहिली. हलक्या भिंगात तिच्या कडेला जांभळी-हिरवी किनार उमटते. चांगल्यात ती नाहीशी होते. सर्वांत महाग दुर्बिणीच्या किमतीत दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या. ती आम्ही आदराने परत ठेवली. मधल्या किमतीची, ८० मिलिमीटरांची घेतली आणि उरलेले पैसे मजबूत तिवईत घातले. भावोजींना हा खर्च उधळपट्टीचा वाटला. परंतु माळावरच्या वाऱ्यात तकलादू तिवईवर वीस पटींनी चिंकाऱ्याबरोबर थरथरही मोठी होते.

येथे थोडे विषयांतर करते. २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या अभयारण्यातील कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. तो यवतमाळच्या टिपेश्वराहून शेकडो किलोमीटर चालत आल्याचे अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळखले गेले. बातमी फुटताच आमचे चिरंजीव मोटार काढावयास निघाले होते. मी किल्ली दिली नाही. एवढी वाट तुडवून आलेल्या जिवाला पाहण्यासाठी त्याच्या मागे गाड्या लावणे, हा बंदुकीशिवाय केलेला हाकाच होय. रामलिंगाच्या देवळापाशी जटायूची समाधी दाखवितात. त्या जटायूचा वडील भाऊ संपाती याला शंभर योजने दूर समुद्रापलीकडची सीता दिसली, आणि वानरांचे काम त्याच्या नुसत्या पाहण्याने झाले. दुर्बीण घ्यावयाची ती दूर राहता यावे म्हणून, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंदा माघात एके पहाटे आम्ही येडशीजवळच्या माळाच्या कडेला, रस्त्यालगत खुर्ची मांडली. तिवईला वजन म्हणून पाण्याच्या बाटल्यांची पिशवी अडकवली. पाऊण तासाने पुतण्याने चारेकशे मीटरांवर तीन चिंकारे हेरले. दुर्बीण रोखून मामंजींना बसविले. प्रथम त्यांना काहीच दिसेना. डोळा मागेपुढे करता करता ते एकदम स्तब्ध झाले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग हळूच म्हणाले, "मादी आहे. शिंगे बारीक, गुळगुळीत आहेत." चिंकाऱ्यात मादीलाही शिंगे असतात, नराची मोठी आणि वळ्यांची, हे त्यांना ठाऊक होते.

थोड्या वेळाने त्यांनी आणखी सांगितले, "कान हलवतेय." नातीने दोनदा त्यांची बाही ओढली, परंतु त्या दिवशी त्यांनी आपली पाळी कोणाला लवकर दिली नाही.