आधी कोण चढणार

विमान कंपन्यांच्या गोल्ड, प्लॅटिनम वगैरे कार्डांबद्दलचं माझं मत आजवर दोनदा पालटलं आहे. दोन्ही वेळा आधीच्या मतासाठी मी चारचौघांत तावातावाने भांडून बसलो होतो, त्यामुळे पालटलेलं मत सांगायची जरा चोरीच होते. सातारा-सांगलीकडे आमच्या धंद्यातली माणसं एकमेकांना पुरती ओळखून असतात. लग्नकार्यात भेटली की विचारतात, "काय हो, गोल्ड आहे का गेलं?"

पहिलं मत सरळ होतं. ही कार्डं म्हणजे रांग मोडायचा परवाना, एवढंच. मी खटाव तालुक्यातला, शिकलो रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे ही संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं, हे आमच्याकडून घोकून घेतलं जायचं. घोकलेलं विसरलं तरी पंगत विसरली नाही. सगळ्या जातींची पोरं एका ओळीत बसायची आणि वाढपी ज्या टोकाकडून येईल तिकडून भाकरी सुरू. शेवटच्याला आमटी पातळ मिळायची, पण टोक रोज बदलायचं. अशा मुशीतून निघालेल्या माणसाने विमानतळावर "गोल्ड आणि प्लॅटिनम सदस्यांनी कृपया आधी यावं" ही हाक ऐकून खूश व्हावं, अशी अपेक्षाच चूक होती.

पुढे सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनियर झालो आणि साखर कारखान्यांच्या उभारणीत शिरलो. इरेक्शन आणि कमिशनिंग. बॉयलर पेटवायचा, टर्बाइन फिरवायचं, गव्हाणीत मोळी पडली की चाचणी हंगाम रुळेपर्यंत साइट सोडायची नाही. देशातल्या देशात विमानाने जाणं वाढलं तेव्हा काउंटरवरची मुलगी अर्ज पुढे करायची, "सर, मेंबर व्हा, फुकट आहे." मी परत सरकवायचो. गेटवर मानाची हाक झाली की शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचो, "चला, मानकरी निघाले." २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर आली आणि तिचे मानकरी बघता बघता साधे प्रवासी झाले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे चांगलं लक्षण नव्हे, पण खरं आहे.

मत पालटलं ते इथिओपियात. भारताच्या एक्झिम बँकेने तिथल्या साखर प्रकल्पांसाठी ६४ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. तेंदाहो, फिंचा, वोंजी-शोआ ही नावं त्या वर्षांत आमच्याकडच्या फिटर-वेल्डरांच्या घरात फलटण-विट्याइतकी सहज घेतली जात. मी त्यांतल्याच एका साइटवर होतो. दर काही महिन्यांनी घरी यायचं आणि परत जायचं. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून प्रवासी विमान उडत नाही. कराडला धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरची जागा आहे, आणि विमानतळाची चर्चा आहे. त्यामुळे प्रवास सुरू व्हायचा तो गाडीने, खंबाटकी घाट, पुणे, मुंबई असा. त्या रात्रभराच्या रस्त्याचे मैल कुणी मोजत नाही. तिथून पुढे अदिस अबाबा, सुमारे ३,८०० किलोमीटर, आणि मग पुन्हा रस्ता.

आमच्या अदिसच्या ऑफिसातल्या मुलाने मला न विचारताच इथिओपियनच्या शेबामाइल्सचा नंबर काढून तिकिटात घातला होता. मी लक्ष दिलं नाही. मैल साठत गेले, आधी सिल्व्हर आलं, मग गोल्ड. इथिओपियन डिसेंबर २०११ मध्ये स्टार अलायन्समध्ये गेलेली, त्यामुळे तिचं गोल्ड त्या गटातल्या सगळ्या कंपन्यांत चालायचं. जुलै २०१४ मध्ये एअर इंडियाही त्यात आली आणि अदिसला मिळवलेलं कार्ड मुंबईत तिच्या काउंटरवरही दाखवता येऊ लागलं.

आधी मला भुलवलं ते लाउंजने नव्हे, वजनाने. स्टार गोल्डला नेहमीच्या सामानावर २० किलो जास्त, किंवा एक जास्तीची बॅग नेता येते. परदेशातल्या साइटवर महिनोन्महिने राहिलेल्या माणसालाच हे २० किलो कळतात. कांदा-लसूण मसाला, भडंग, तासगावचे बेदाणे, हळद, लोणचं, ज्वारीचं पीठ, कुणाच्या तरी आईने दिलेला डबा, आणि तळाशी कागदपत्रांसकट एखादं मेकॅनिकल सील, जे कुरिअरने यायला पंधरवडा लागला असता आणि तोवर पंप बंद राहिला असता. माझ्या बॅगेवर सगळ्या मेसचा डोळा असायचा. लाउंजचं म्हणाल तर एका विमानतळावर तिथे अंघोळीची सोय होती. साइटवरून दिवसभर धूळ खात आल्यावर रात्रीच्या विमानाआधी गरम पाण्याने अंघोळ मिळाली, आणि त्या पाण्याखाली माझी तत्त्वं बरीचशी धुऊन निघाली.

अर्थात तत्त्वाशिवाय राहवत नाही, म्हणून मी नवं तत्त्व शोधलं. ही कार्डं पैशाने नव्हे, बसण्याने मिळतात. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला अशी योजना आणली तेव्हा हिशेब मैलांचाच होता: जितका उडशील तितकं देऊ. पुढच्या वर्गातल्यांना थोडे जास्त मैल देतात खरे, पण मागच्या अरुंद सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसून बसूनसुद्धा गोल्डपर्यंत पोचता येत होतं. मी म्हणू लागलो की हा तर घामाचा मान आहे. बापाच्या इस्टेटीने मिळत नाही, ओळखीने मिळत नाही, वर्षभर अंग मोडून बसावं लागतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा मिळवावा लागतो. गावच्या जत्रेतला पहिला नारळ पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे. इथे निदान मुदत तरी आहे. साताऱ्यातल्या एका जुन्या समाजवादी मित्राला मी हे इतक्या जोरात पटवलं की तो म्हणाला, "तू कंपनीचा एजंट झालास काय?"

झालोच होतो थोडा. डिसेंबर आला की किती मैल कमी पडतात ते बघायचं. बंगळूरूची एक बैठक फोनवर सहज उरकली असती. मी गेलो, आणि गेलो तो त्याच गटाच्या विमानाने, दिल्लीवरून वळसा घेऊन. या योजनांची खरी करामत इथेच आहे. तिकिटाचे पैसे भरतो मालक आणि बक्षीस मिळतं नोकराला. आपल्याकडे पुरवठादाराने खरेदी अधिकाऱ्याला दिवाळीला चांदीचं ताट दिलं तर त्याला आपण एक नाव देतो. विमान कंपनीने दिलं की त्याला निष्ठा म्हणतात. माझ्या वळशाचं बिल शेवटी एका सहकारी कारखान्याच्या प्रकल्पखर्चात गेलं, म्हणजे कुठल्या तरी सभासदाच्या उसात. तेव्हा मला ते दिसत होतं, पण फरक थोडका होता आणि मी गप्प बसलो.

घामाचं तत्त्व मात्र पैशावरून मोडलं नाही. ते मोडलं पलूसकडच्या एका वेल्डरने. एका परतीच्या प्रवासात मधल्या विमानतळावर पुढचं विमान रद्द झालं. मला गोल्डच्या काउंटरवर पुढच्याच विमानात जागा मिळाली. आमची वेल्डर-रिगरांची गँग मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मी मोठ्या आवाजात त्यांना कार्डाचं महत्त्व सांगितलं, तुम्हीही मैल साठवा म्हणालो. वेल्डरने विचारलं, "साहेब, आमी तुमच्यासंगंच ये-जा करतोय. आमचं मैल कुणाच्या नावानं पडत्यात?"

मी म्हणालो, ग्रुपच्या तिकिटाला मैल नसतात.

"म्हंजी आमी बसलोच न्हाई व्हय?"

बाकीचे हसले. मीही हसलो आणि माझ्या विमानाकडे गेलो.

आता हे यंत्र कसं चालतं ते सांगतो, कारण पुष्कळ वर्षं उडूनही मला ते नीट माहीत नव्हतं. तिकिटावर भाड्याच्या प्रकाराचं एक इंग्रजी अक्षर असतं. त्या अक्षरावर ठरतं की त्या सीटला पूर्ण मैल, अर्धे, पाव, की काहीच नाही. गटाने काढलेली आणि सगळ्यांत स्वस्त तिकिटं बहुधा शेवटच्या दोन प्रकारांत मोडतात. सीट तीच, अंतर तेच, विमानातला भातही तोच. इंजिनियरच्या तिकिटावरचं अक्षर वेगळं आणि वेल्डरच्या तिकिटावरचं वेगळं, आणि ते अक्षर आमच्याच ऑफिसात, खर्च वाचवायला, आम्हीच निवडलेलं. माझ्या घामाच्या मानात ज्यांना माझ्याहून जास्त घाम येत होता त्यांची मोजणीच नव्हती.

मग हळूहळू मैलच गेले. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी आधीच अंतर सोडून खर्च मोजायला सुरुवात केली होती. तिथे आता क्रेडिट कार्डाच्या खरेदीवरही मान चढतो. एअर इंडियाने २०२४ मध्ये आपल्या योजनेचे गुण अंतराऐवजी तिकिटावर खर्च केलेल्या पैशांवर आणले आणि पुढच्या वर्षी तिचं नावच महाराजा क्लब केलं. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून तसंच केलं. तिथे गोल्डसाठी २०,००० गुण लागतात आणि खर्चाच्या एका पौंडाला एक गुण. माझे जुने सोबती यावर चिडले. मला, खरं सांगतो, मोकळं वाटलं. कंपनीने स्वतःच सांगून टाकलं की हा मान नाही, घाऊक गिऱ्हाइकाला दिलेली सूट आहे. सांगलीच्या हळद बाजारात कायमच्या खरेदीदाराला अडत्या चहा पाजतो, गादीवर बसवतो. त्यात कुणाचा सन्मान नाही आणि कुणाचा अपमानही नाही. पंगतीचा नियम मी चुकीच्या जागी लावत होतो आणि घामाचाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली तेव्हा प्लॅटिनमवाल्यांना दुःख झालं ते मान गेल्याचं. अडत्याचं दुकान बंद झालं म्हणून कुणी सुतक धरत नाही.

मग कार्ड टाकून दिलं का? नाही. उलट आता ते निर्लज्जपणे वापरतो. गोल्डवाल्याला लाउंजमध्ये त्याच विमानाचा एक पाहुणा नेता येतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं आणि मी कधी कुणाला नेलं नव्हतं. आता गँगबरोबर असलो की एकाला नेतो. सुरुवातीला कुणाला न्यायचं यावर कुरबूर झाली, तेव्हा त्यांनीच पाळी लावून घेतली आणि यादी मुकादमाकडे ठेवली. पहिल्यांदाच निघालेल्या पोराला पाळी सोडून आधी नेतात. एकदा एका रिगरने आत येऊन सगळीकडे नजर फिरवली, दोन केळी खाल्ली आणि म्हणाला, "साहेब, भाईर बरं हुतं, गप्पा तरी चालल्या हुत्या." पलूसचा वेल्डर अजून एकदाही आलेला नाही. पाळी आली की दुसऱ्याला देतो. मी कारण विचारलेलं नाही. २० किलो मात्र सगळ्यांचे. त्यात कुणाचे हातमोजे, कुणाचं ग्राइंडर, कुणाचा मसाला.

आणि ऑफिसात एक प्रस्ताव दिला आहे: गँगची तिकिटंही मैल मिळतील अशाच भाड्याची काढावीत आणि प्रत्येकाच्या नावाचा नंबर त्यात घालावा. काही मार्गांवर अजून अंतर मोजतात, तिथे फायदा होईल. फरक किती पडतो ते काढलं, दर खेपेला हत्यारांच्या जास्तीच्या वजनाचे पैसे आपण भरतो तेही शेजारी मांडलं. आकडे बऱ्यापैकी जुळले. अकाउंट्सच्या माणसाने फाइल परत पाठवली, वर शेरा मारून: कामासाठी उडायचं, पैसे कंपनीचे, तर मैल वेल्डरचे का आणि साहेबांचे तरी का? सगळेच कंपनीच्या खात्यात जमा करायची सोय आहे का, ते कळवावं.

काही विमान कंपन्या धंद्यांसाठी तशी वेगळी खाती देतात. सोय आहे, असं मला कळवावं लागणार. माझं गोल्ड मार्चपर्यंत आहे.